फळ्याखालचा खडू

त्या रविवारी उपासना संपून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मेणबत्त्या विझवल्यावर येतो तो किंचित जळकट, तेलकट वास अजून हवेत होता. मी आणि आणखी दोघं मागच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी रचत होतो. तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हाताला धरून आणलेली म्हातारी आई. आईच्या काखेत कापडाचं वेष्टण घातलेलं गीतपुस्तक. गृहस्थांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "साडेदहाला आहे ना?" मी म्हणालो, "साडेआठला होती. झाली की." त्यावर ते काही बोलले नाहीत. खिशातून फोन काढला, एक पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. आमच्या चर्चच्या वेबसाइटवर, निळ्या पट्टीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रविवारची उपासना सकाळी साडेदहा वाजता. सर्वांचे स्वागत आहे.

ती निळी पट्टी माझी होती. तो निळा नेमका कोणता असावा हे ठरवायला मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

आई म्हणाली, "आलोच आहोत तर बसते जरा." शेवटच्या बाकावर बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या गीतफलकाकडे बघू लागली. प्रत्येक चर्चमध्ये असतो तसा साधा लाकडी फलक, खाचांमध्ये सरकवलेल्या आकड्यांच्या पट्ट्या. त्या दिवशीच्या तीन गीतांचे क्रमांक तसेच होते. जुन्या माणसांना गीतं क्रमांकावरून पाठ असतात. तिने पुस्तक उघडलंच नाही. पहिला आकडा पाहिला, ओठ हलले. दुसऱ्यावर मात्र घशातून बारीक सूर आला, एक कडवं पूर्ण झालं. आम्ही खुर्च्या रचणं थांबवून उगाच खाली बघत उभे राहिलो. दहा मिनिटांनी ती उठली. दारात मला म्हणाली, "छान आहे हो तुमचं चर्च. शांत आहे." त्या शब्दात टोमणा नव्हता, म्हणूनच तो इतका लागला. ती दोघं पुन्हा आलेली मला दिसली नाहीत.

उपासनेची वेळ बदलून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. वेबसाइटवरची वेळ चुकीची आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला चांगलंच माहीत होतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी सांगायचं, मी "हो, आज रात्री करतो" म्हणायचो आणि त्या रात्री दुसरंच काहीतरी निघायचं. खरं कारण असं की ते काम एका ओळीचं असलं तरी एका ओळीत होणारं नव्हतं. आत शिरायला पासवर्ड लागे. त्यानंतर येणारा कोड जाई एका मुलाच्या फोनवर, ज्याने सुरुवातीला मला मदत केली होती आणि जो केव्हाच दुसरीकडे राहायला गेला होता. त्याला फोन करायचा, तो कामातून मोकळा व्हायची वाट बघायची, कोड विचारायचा, तोवर त्या कोडची मुदत टळलेली. शेवटी आत पोचलं की लाल ठिपक्यांची रांग: हे अपडेट करा, ते अपडेट करा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ती निळी पट्टी हा मजकूर नव्हताच, ते चित्र होतं. वेळ त्या चित्रात भाजून काढलेली. आठाचे नऊ करायचे तरी चित्र नव्याने बनवायचं, आणि मूळ फाइल एका मेलेल्या लॅपटॉपच्या पोटात. मी तेव्हा असं का केलं? कारण मला हवा तो फॉन्ट मजकुरात बसत नव्हता. एवढंच.

तेव्हाचा माझा उत्साह आठवला की आता जरा ओशाळायला होतं. पंच कमिटीत कुणीतरी म्हणालं, आपली एखादी वेबसाइट हवी, आणि मी हात वर केला. वर्डप्रेस घेतलं. २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या एका जुन्या ब्लॉग-प्रणालीवरून ते उभं केलं, आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. तेव्हा साधन वाईट निवडलं असं मी म्हणणार नाही. वाईट होता तो माझा हव्यास. चौदा प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, घातले. सरकती चित्रं. उघडताना हळूच उमलणारा क्रूस. नाताळला किती दिवस, तास, मिनिटं उरली हे सांगणारं उलटं घड्याळ. नाताळ होऊन गेल्यावर ते शून्यावर अडकलं आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, 'शून्य दिवस, शून्य तास' असं दाखवत राहिलं. ते काढायला गेलो तर पानभर चौकोनी कंसातल्या खुणा सांडल्या, म्हणून पुन्हा लावून ठेवलं. पण पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून घोषणा केली तेव्हा टाळ्या झाल्या होत्या. त्या टाळ्या मला बरेच दिवस पुरल्या. मग हळूहळू त्या साइटचा आणि माझा छत्तीसचा आकडा झाला.

त्याच चर्चच्या दाराशी एक फळा आहे, आणि तो कधीच चुकत नाही.

फळा लिहितात बाई. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, तरी सगळे बाईच म्हणतात. शनिवारी संध्याकाळी येतात, ओल्या फडक्याने फळा पुसतात, आणि तो वाळेपर्यंत बाजूला उभ्या राहतात. ओल्या फळ्यावर लिहिलं की अक्षर आधी दिसत नाही आणि मग भसकन पांढरं होतं, म्हणून. मग एका दमात शिरोरेषा न मोडता लिहून काढतात: उपासनेची वेळ, वचन कोण वाचणार, संडे स्कूल आहे की सुट्टी, कुणासाठी प्रार्थना. लिहून झालं की दोन पावलं मागे येऊन बघतात, पुढे जाऊन एखादी वेलांटी नीट करतात. कोपरापर्यंत खडूची भुकटी. फळ्यावरची वेळ चुकल्याचं माझ्या आठवणीत नाही. बाई नेमाच्या आणि मी आळशी, हे कारण आहेच, ते नाकारत नाही. पण फळ्यासमोर उभा राहून एक दिवस नीट पाहिलं तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. खडू फळ्याखालच्याच पन्हळीत असतो. एकदा तारीख चुकली होती, तर संडे स्कूलच्या एका मुलाने ती अंगठ्याने पुसली आणि टाचा उंचावून नीट लिहिली. त्याला कुणी पासवर्ड विचारला नाही. चूक जिथे दिसते तिथेच, हाताच्या अंतरावर ती सुधारायचं साधन. वेबसाइटवर चूक दिसणारा एक, सुधारू शकणारा दुसरा, आणि त्या दोघांच्या मधे मी आडवा.

गंमत म्हणजे वेब मुळात असं नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला तो वाचायचाही होता आणि लिहायचाही. पान उघडा, त्याच खिडकीत बदला. पुढे घरोघरी पोचले ते बहुतेक नुसते वाचायचे ब्राउझर. फळा राहिला आणि खडू कुठल्यातरी कुलूपबंद कपाटात गेला. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी 'विकी' काढलं, ज्यात कुठलंही पान वाचणाऱ्यालाच बदलता येतं. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट, आणि त्यांना हा शब्द मिळाला होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसवर. हे वाचलं तेव्हा मला त्या मुलाचा अंगठा आठवला.

त्या रविवारनंतर मी कमिटीसमोर सांगितलं की साइट नव्याने करू या आणि या वेळी साधन मी निवडणार नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. एक म्हणाले, आता वेबसाइट बघतं कोण, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे ना. ग्रुप आहेच. त्यात वेळ बदलल्याचा निरोपही दोन वर्षांपूर्वी वेळेवर गेला होता. पण ग्रुप असतो आतल्या माणसांसाठी. काखेत गीतपुस्तक धरून आलेली ती बाई कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हती. फेसबुकचं पान करा, असं दुसरं कुणी म्हणालं. तिथे गेल्या नाताळचा फोटो सगळ्यांत वर दिसतो आणि ताजी सूचना सापडत नाही, हे त्यांच्याच फोनवर दाखवल्यावर तो विषय मिटला. तिसऱ्यांचं मत होतं की एखाद्या कंपनीला काम देऊन मोकळं व्हावं. कंपनी साइट सुंदर करून देईल, पण शनिवारी रात्री सव्वानऊला पाळकसाहेबांचा घसा बसला तर कंपनी काय करणार? छोट्या चर्चचं सगळं काही शनिवारी रात्री सव्वानऊलाच घडतं.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणालो, "म्हणून तर तुम्हाला विचारतोय." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेल्या माणसाची ती नजर होती.

तीन शनिवार ठरले. दर शनिवारी एक साधन, आणि परीक्षा एकच: उपासनेची वेळ साडेआठची नऊ करायची, एक फोटो लावायचा, आणि ते फोनवर नीट दिसतंय का बघायचं. माझ्यासाठी नियम असा की हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. सांगतो, यात दुसऱ्यापेक्षा पहिलं सोपं. कुणी समोर चुकीच्या जागी माउस फिरवत असेल आणि बरोबर बटण दीड इंचावर असेल, तर जिभेला अक्षरशः खाज सुटते.

पहिलं साधन ठोकळ्यांचं होतं. प्रत्येक परिच्छेद एक ठोकळा, प्रत्येक चित्र एक ठोकळा. बाईंनी ओळ लिहून एंटर दाबलं की खाली नवी चौकट उघडे, बाजूला अधिकचं चिन्ह लुकलुके, आणि वर एक पट्टी येऊन नेमकी आधीची ओळ झाकून टाके. "मी एक ओळ लिहिली की हे विचारतं, आता काय घालू? अरे, दम धर ना जरा." पंचवीस मिनिटांनी वेळ बदलली गेली, पण दोनदा: एक जुनी, एक नवी, एकाखाली एक. ठोकळ्यांची कल्पना मुळात वाईट नाही. वर्डप्रेसने ५.० या आवृत्तीत, डिसेंबर २०१८मध्ये, असाच संपादक आणला आणि त्याला नाव दिलं गुटेनबर्ग. सुटे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवून १४५५च्या सुमारास बायबल छापणारा तोच. त्याच्या बायबलात बहुतेक पानांवर बेचाळीस ओळींचे दोन रकाने असतात. चर्चच्या वेबसाइटला याहून शोभणारं नाव दुसरं कुठलं मिळणार! पण खिळे जुळवणं हा एक धंदा होता, त्याला शिकाऊ वर्षं लागत. वाचणाऱ्याने खिळे जुळवावेत अशी अपेक्षा खुद्द गुटेनबर्गनेही केली नसेल.

दुसऱ्या शनिवारचं साधन दिसायला सगळ्यांत देखणं. काहीही उचला, कुठेही ठेवा. बाईंनी मथळ्यावर बोट ठेवलं, बोट जरा घसरलं, मथळा सरकून फोटोवर जाऊन बसला. लॅपटॉपवर ते वाईटही दिसत नव्हतं. फोनवर उघडलं तर उपासनेची वेळ फोटोखाली गडप. ती परत जागेवर आणताना पत्त्याची ओळ हलली. बाईंनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी विचारू लागल्या, "हे दाबू का? काही बिघडणार नाही ना?" ज्या बाईंनी उभ्या वर्गासमोर आयुष्य काढलं त्या एका पडद्यासमोर परवानगी मागत होत्या. बाकीच्या सोयी-गैरसोयी मी वहीत लिहून घेतल्या होत्या, पण त्या मांडीवरच्या हातांनंतर ती वही मी पुन्हा उघडली नाही.

तिसरं गूगल साइट्स. यात फारसं काही करताच येत नाही, आणि तेच पथ्यावर पडलं. मोजक्या मांडण्या, मोजके रंग, नवे प्लगइन घालायची सोय नाही, त्यामुळे अपडेट करत बसायचीही भानगड नाही. ओळीवर टिचकी मारली, साडेआठ खोडलं, नऊ लिहिलं. एखादं पत्र टाइप करावं तसं. मोजून चार मिनिटं. मग बाई थांबल्या. "झालं? दिसलं लोकांना?" दिसलं नव्हतं. आधी लिहायचं, मग वरचं 'प्रकाशित करा' दाबायचं, तोवर जुनंच दिसत राहतं. मला वाटलं, झाला इथेही घोळ. फळ्यावर असला प्रकार नसतो, लिहिलं की लिहिलं. पण बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी पाटीवर, मग फळ्यावर. बरंय हे." मी इतकी वर्षं लोकांना मसुदा आणि प्रकाशन समजावून सांगतोय, इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं.

अडचण एक होती. ते साधन नीट चालवायचं तर संगणकापुढे बसावं लागतं, आणि शनिवारी रात्री सव्वानऊला बाईंच्या हातात असतो फोन. तेव्हा वेगळाच उपाय काढला, आणि त्याचं श्रेय गीतफलकाला. फलक भिंतीवर पक्का ठोकलेला असतो, आकड्यांच्या पट्ट्या तेवढ्या बदलतात. साइटवरही जे बदलत नाही ते ठोकून टाकलं: चर्चचं नाव, पत्ता, कसं यायचं, पाळकसाहेबांना कसं गाठायचं. जे बदलतं ते सगळं एका सामायिक कॅलेंडरमध्ये, आणि ते कॅलेंडर त्या पानात बसवलेलं. बाई फोनवरून कॅलेंडरमधली नोंद बदलतात, पानावर आपोआप बदल दिसतो. साइट उघडून आत शिरायची वेळ महिनोन्‌महिने येत नाही. हे सुचायला मला दहा वर्षं का लागली, याचं उत्तर बहुधा त्या टाळ्यांमध्ये असावं.

कॅलेंडरनेही एकदा दणका दिलाच. दर रविवारची नोंद बदलायला गेलं की ते विचारतं: फक्त हीच, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? बाईंनी 'सगळ्या' दाबलं आणि मागचे सगळे रविवारही नऊचे झाले. "मग काय झालं, होऊन गेलेल्या उपासनेला कोण येणार आहे," म्हणून हसल्या. त्यांचं बरोबर होतं. पण सणांच्या बाबतीत 'दरवर्षी' अशी खूण करून मोकळं होता येत नाही. नाताळ जागचा हलत नाही, पण पुनरुत्थानाचा रविवार चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या गणितातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो. २०२४ साली ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला. आणि गुड फ्रायडे त्याच्याच दोन दिवस आधी, म्हणजे तोही सरकता. ज्या सणांना अनोळखी माणूस हमखास येतो नेमक्या त्याच तारखा यंत्राला आपोआप कळत नाहीत. त्या दरवर्षी कुणीतरी हाताने लिहाव्या लागतात, आणि बाई पंचांग हाताळल्याच्या गांभीर्याने त्या लिहितात.

फोटोंवरून थोडी वादावादी झाली. जुन्या साइटवर बावीस होते, फोनमधून काढून तसेच्या तसे चढवलेले. चार हजार पिक्सेल रुंद, एकेक काही एमबीचा. नेट जरा मंद असलं की पत्ता दिसायच्या आधी माणूस कंटाळून जाई. बाईंनी एकेका फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हा कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरला एक फोटो, तोही दाराचा. समोरचं मोठं दार आमच्याकडे बंदच असतं, सगळे बाजूच्या दाराने येतात, आणि नवा माणूस मोठ्या दारापाशी ताटकळतो, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. तो फोटो सोळाशे पिक्सेलवर आणला, दोन-अडीचशे केबीत मावला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्राचं वर्णन लिहायची चौकट असते, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते मोठ्याने वाचतं. मी बहुतेक वेळा ती रिकामी सोडायचो. बाईंनी लिहिलं: 'चर्चचे बाजूचे दार. तीन पायऱ्या, उजव्या हाताला कठडा. दार आत ढकलावे.' वाचून मला ती आई आठवली, तीन पायऱ्या चढताना तिने मुलाचा हात किती घट्ट धरला असेल ते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. फळ्यावर आजाऱ्यांची नावं असतात, प्रार्थनेसाठी. बाईंना ती साइटवरही हवी होती. दाराशी येणारी माणसं ती वाचतात, पण साइटवर टाकली की सगळं जग वाचणार, शोधयंत्रं ती उचलून ठेवणार. कुणाच्या ऑपरेशनची बातमी त्याच्या नोकरीच्या ठिकाणी पोचायला वेळ लागत नाही. समजावण्यासाठी मी त्यांना वेबॅक मशीन उघडून दाखवलं. १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जगभरच्या पानांच्या प्रती काढून ठेवते आहे. आमचा पत्ता टाकला आणि वर आली माझी जुनी साइट: निळी पट्टी, उमललेला क्रूस, अर्धवट लोड झालेली सरकती चित्रं. सगळं पुसलं होतं आणि सगळं तिथे होतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फळा पुसला की पुसला जातो." नावं फळ्यावरच राहिली. मुलांचे फोटोही टाकायचे नाहीत असं त्याच संध्याकाळी ठरलं.

त्या पडद्यावर माझीही नजर खिळली होती, हे कबूल करतो. तो निळा रंग अजूनही चांगलाच दिसत होता.

शेवटचं काम किल्ल्यांचं. डोमेनचं नाव, म्हणजे साइटचा पत्ता, माझ्या खासगी ईमेलवर नोंदलेलं, नूतनीकरणाचा निरोप फक्त मला. उद्या मला काही झालं असतं तर? डॉट ऑर्गसारख्या नावाची मुदत टळून ते नोंदणीतून निघालं की सोडवून घ्यायला तीस दिवस मिळतात, त्यासाठी भुर्दंड पडतो, पुढचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जो मागेल त्याचं. चर्चच्या कपाटाची किल्ली कायम दोघांकडे असते, एक पाळकसाहेब आणि एक खजिनदार, आणि तशी वहीत नोंदही असते. पासवर्डाची नोंद कुठेच नव्हती. आता डोमेन चर्चच्या ईमेलवर आहे, दोघांना आत जाता येतं, आणि मालमत्तेच्या वहीत, घंटा आणि पेटी यांच्या खाली, 'वेबसाइट, एक' अशी ओळ खजिनदारांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. पेटीला जसा 'स्थिती' रकाना आहे तसा तिलाही आहे. त्यात लिहिलंय: बरी.

नवी साइट दिसायला अगदीच साधी आहे. गायनवृंदातला एक मुलगा मला म्हणाला, "आधीची भारी होती ना." मी हसलो, पण ते वाक्य दिवसभर खिशात घेऊन फिरलो. सुरुवातीचे काही आठवडे मी शनिवारी रात्री गुपचूप ते पान उघडून बघायचो, बाईंनी काही चुकवलंय का. एकदा 'उपासना'तला पहिला उकार दीर्घ पडला होता. दुरुस्त करायला हात शिवशिवले. तासाभराने पुन्हा पाहिलं तर तो ऱ्हस्व झालेला. नंतर नंतर बघणंही सुटलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी नेहमीसारखा सव्वाआठला पोचलो तर बाजूच्या दारातून माणसं बाहेर पडत होती. आत मेणबत्त्यांचा तो जळकट वास. खुर्च्या भिंतीशी रचल्या जात होत्या. दुसऱ्या एका मंडळीबरोबर एकत्र प्रार्थनेला जायचं म्हणून त्या दिवशी उपासना सातला ठेवली होती. मी बाईंकडे बघितलं. त्या फळा पुसत होत्या, हातात ओलं फडकं.

"अरे, शुक्रवारीच टाकलं होतं की वेबसाइटवर," त्या म्हणाल्या. "तू बघत नाहीस वाटतं?"

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. फलकावर तीन आकडे होते. मला एकही गीत क्रमांकावरून येत नाही, म्हणून शेजारच्या बाकावरचं पुस्तक ओढून घेतलं आणि पहिल्या गीताचं पान शोधू लागलो.